एका दगडाचा ठराव

डोंगरावरचा एक दगड तपासायला न्यायचा होता. पण वैनगंगेपलीकडच्या त्या गोंड गावात ग्रामसभेला विचारल्याशिवाय जंगलातलं पानही उचलता येत नाही. म्हणून नागपूरहून आलेल्या, भूगर्भ अभ्यासणाऱ्या उर्वशी मॅडम सभेपुढे उभ्या राहिल्या.

"नागपूरले दगडं नाई काय?" अध्यक्ष रुखमाबाईंनी विचारलं.

"असाच दगड आफ्रिकेच्या पठारावर आहे, अंटार्क्टिकाच्या बर्फाखालीही आहे. ताडून पाहायचाय."

"तिकडे कोनं नेला?"

"कोणी नाही. ते खंड आणि ऑस्ट्रेलियाही कधीकाळी इथल्याच जमिनीला जोडलेले होते. तो एकच मोठा खंड. जगभर त्याला तुमचंच नाव आहे, गोंडवाना."

म्हाताऱ्या पत्रूभाऊंनी पागोटं सारखं केलं.

"मंग काय झालं?" रुखमाबाई म्हणाल्या.

"तुकडे झाले आणि दूर निघून गेले."

"कोनाले विचारून?"

रुखमाबाईंनी ठराव सांगितला आणि सचिव लोकेशने वहीत लिहून घेतला: "दगड नेण्यास एकमताने मंजुरी. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे सभेला न विचारता गेले. तरी घरचेच असल्यामुळे, परत आल्यास त्यांना जागा देण्यात यावी."