बाकावरचा माणूस

"भाऊजी, मी निघते आता. मुलींची शाळा सुटेल," म्हणत मेव्हणी काचेचं दार ढकलून बाहेर आली, तसा तो दवाखान्याच्या बाकावरून उठून चटकन मागे सरकला. दार उघडलं की वारा आत जातो. हल्ली त्याला वाऱ्याची दिशा एखाद्या खलाशापेक्षा जास्त कळायला लागली होती.

"काही राहिलं का तिच्या पोटात?"

"कुठलं! पाण्याचा घोट गेला तसा परत आला. दुसरी सलाईन लावलीय. उजेड सोसेना म्हणून डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडलीय." मेव्हणीने पर्स खांद्याला अडकवली. "कुणाला तरी बोलवून घ्या. हाताला सुई आहे तिच्या, उमासा आला की भांडं धरायला कुणीतरी हवं."

ती गेली. बोलवायचं कुणाला? सासूबाई परगावी, गुडघे धरून बसलेल्या. त्याची आई केव्हाच गेलेली. राहता राहिला तो. आणि नेमकं त्यानेच जवळ जायचं नव्हतं.

दिवस गेले की बायकांना एकेक वास नकोसा होतो, हे त्याने ऐकलं होतं. कुणाला तळणाचा, कुणाला साबणाचा. हिला नवऱ्याचा झाला. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो खो खो हसला होता. मग त्याने साबण बदलला, डोक्याचं तेल सोडलं, कांद्याला रामराम ठोकला, दिवसातून तीन-तीनदा आंघोळी केल्या. फरक शून्य. धंद्याला बोल लावावा, तर धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. त्याला कसला आलाय वास! तो नुसता दारात उभा राहिला तरी तिच्या पोटात ढवळायचं, आणि मोरीतून मान वर काढून तीच म्हणायची, "तुम्ही नका हो वाईट वाटून घेऊ."

वाईट वाटत होतंच. रात्री बाहेरच्या खोलीत चटई, जेवण एकट्याचं, बोलणं भिंतीआडून. स्वतःच्याच घरात तो नकोशा पाहुण्यासारखा वावरत होता.

"तुम्ही पेशंटचे कोण?" सिस्टर दारात उभी होती.

"मिस्टर."

"मग इथे काय फरशा मोजताय? आत बसा की. मी एकटी कुठेकुठे बघू?"

त्याने खरोखरच फरशीकडे पाहिलं. सांगायचं कसं? शेवटी हळूच म्हणाला, "माझ्या वासानं उलटी होते तिला, सिस्टर."

सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. मग त्याचा चेहरा बघून गप्प झाली. आत जाऊन तिने एक हिरवा झगा आणला, टोपी, मास्क, रबरी हातमोजे. "घाला. उकळून काढलेलं आहे सगळं. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, आवाजानंसुद्धा तुमची आठवण होईल तिला." तिथे मदतीच्या माणसांना सगळे मामाच म्हणायचे. पडद्याआडून त्याला सिस्टरचा आवाज ऐकू आला, "ताई, एक मामा बसवतेय हं तुमच्यापाशी."

तो चोरपावलांनी आत गेला.

बाहेरून काचेतून त्याला तिचे फक्त पाय दिसायचे. आता त्याने तिला जवळून पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती, ओठांना भेगा पडल्या होत्या. वर बाटलीतून थेंब थेंब पडत होता, अगदी सावकाश, जणू त्या बाटलीला कशाचीच घाई नव्हती.

तिला उमासा आला. त्याने एका हाताने भांडं पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने तिची मान सावरली. आलं काहीच नाही. ती पुन्हा उशीवर टेकली आणि चाचपडत तिने त्याचा हात धरला.

"राहू दे मामा. गार वाटतंय."

कित्येक दिवसांनी तिने त्याचा हात धरला होता, मध्ये रबर का असेना. त्याला रडू येईल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या मामाचा हेवाही वाटला.

तिला झोप लागली असं समजून तो मोकळा श्वास घेणार, तोच ती म्हणाली, "मामा, बाहेर बाकावर आमचे हे बसलेत का हो? बारीक अंगाचे. सारखं कुठलंतरी घड्याळ कानाला लावून बघत असतात."

त्याने मास्क नाकावर आणखी वर ओढला.

"त्यांना आत नका येऊ देऊ. ते आले की मी ओकते, आणि मग ते तोंड पाडून निघून जातात. मला ते बघवत नाही." रुमालाखालून एक ओघळ कानाकडे गेला. तो रुमालातल्या पाण्याचाही असेल. "पण घरीही नका हं जाऊ देऊ. ते तिथे आहेत म्हणून मी इथे पडून आहे. नाहीतर एकटीनं मला नाही जमायचं हे. बघा ना जरा, आहेत का?"

त्याने मान वळवून पाहिलं. काचेपलीकडचा बाक रिकामा होता.

त्याने तिचा हात हलकेच दाबला.

"आहेत ना?"

रिकाम्या बाकाकडे बघत त्याने तिचा हात पुन्हा दाबला.