रस्ता बंद आहे

ब्रीशी बॅग घेऊन फाटकाशी आली तेव्हा तिचा बाप फाटकातच उभा होता. अंगात नारिंगी जाकीट, काखेत झेंडा. मॅन बेटावर मोटरसायकलींची शर्यत असली की बेटाला वळसा घालणारा सगळा गोल रस्ता बंद होतो आणि त्याच्या आतल्या अंगाची घरं आतच अडकतात. तेवढ्या दिवसापुरता तिचा बाप इलियम केव्हीश म्हणजे कुणाला रस्त्यावर येऊ न देणारा, स्वतःच्या दारातला सरकारी माणूस. एरवी त्याला मेंढ्याही जुमानत नसत.

ब्रीशीची गाडी रस्त्यापलीकडे उभी होती. आतले शहाणे लोक आदल्या दिवशीच गाडी पलीकडे नेऊन लावतात. ती स्वतःही सकाळी रस्ता बंद व्हायच्या आत पलीकडे जाणार होती, पण म्हाताऱ्याला नेमका तेव्हाच चष्मा सापडेना. दुपारच्या बोटीने तिला लिव्हरपूल गाठायचं होतं. तिथल्या इस्पितळातली नोकरी तिने दोनदा पुढे ढकलली होती. एकदा बापाच्या गुडघ्यापायी, एकदा मेंढ्या व्यायच्या होत्या म्हणून. आता तिसऱ्यांदा कोण थांबणार?

"शर्यत कधी सुटायची, बाबा?"

"डोंगरावर धुकं उतरलंय. धुकं काय माझं ऐकतंय?"

"रस्त्यावर चिटपाखरू नाहीये. मी पळत जाते पलीकडे."

"आणि मी माझ्याच पोरीला पोलिसांच्या हवाली करू? जा, पाहुण्यांना चहा दे."

पाहुणे म्हणजे शर्यत बघायला बागेत खुर्च्या टाकून बसलेलं जर्मन जोडपं. बिचारं गारठ्याने काकडत होतं. ब्रीशीने दोघांना स्वयंपाकघरात बसवलं, घरचा पाव कापला, लोणी लावलं.

"केवढं भाग्य तुमचं," बाई म्हणाली, "घरबसल्या सगळं बघायला मिळतं!"

ब्रीशीला सुरी तिथेच टाकून किंचाळावंसं वाटलं. तिने आणखी एक तुकडा कापला.

बऱ्याच वेळाने बाहेर घरघर ऐकू आली. मोटरसायकलची नव्हे, ट्रॅक्टरची. ती धावतच बाहेर गेली. शेजारचा फिनलो शेणखताची ट्रॉली घेऊन भर रस्त्यातून आरामात चालला होता. आणि म्हातारा फाटकात आडवा हात धरून उभा होता.

"काय इलियमकाका, कुणाला अडवताय?" फिनलो हसत ओरडला. "आजची शर्यत रद्द झाली की! रस्ता उघडल्याची पाटी लावलेली गाडी मघाशीच गेली. तुमच्या नाकासमोरून!"

फिनलोने ब्रीशीकडे पाहिलं, दारातल्या बॅगेकडे पाहिलं आणि मुकाट्याने ट्रॅक्टर पुढे काढला.

ब्रीशीच्या डोक्यात सणक गेली. तिने बॅग उचलली. बोट अजूनही मिळाली असती.

"बाबा, हात खाली घ्या."

म्हातारा रस्त्याकडेच बघत राहिला. हात तसाच आडवा. किती वेळ धरला होता कोण जाणे.

"खाली घेतला तर तू जाशील."

तो हात तिने नुसता बाजूला सारला असता तरी पुरे होतं. समोर रस्ता पार मोकळा पडला होता. ब्रीशीला काही केल्या पाऊल उचलवेना.