मिस्त्रीचं आडनाव

“रिकामे? अगं, हे काय बाळाचं नाव झालं?” सासूबाईंनी कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. “आणि ते तर कुणाचं तरी आडनाव!”

ते ‘कुणीतरी’ समोरच खुर्चीच्या कडेवर टेकलं होतं. लिफ्टचा मिस्त्री. निळ्या शर्टाच्या खिशावर कंपनीनं तेच आडनाव शिवून दिलं होतं. सुनेनं चहाला का बोलावलं, ते त्याला आत्ता कळलं, आणि उठून जावं की बसून राहावं ते कळेना.

“शाळेत पोरं रिकामटेकडा म्हणतील,” नणंद म्हणाली.

“मी काय म्हणतो,” खिडकीपाशी उभा असलेला नवरा म्हणाला, “लाडाचं नाव म्हणून ठेवू की. घरापुरतं.”

“घरापुरतं नाही.” सून म्हणाली. “लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, मला कळा सुटल्या. तुम्ही सगळे बाहेरून ओरडत होता. आत उतरले ते हे मिस्त्री. लिफ्ट हलेना, डॉक्टर पोचेना. डोळे उघडले की यांचा खिसा दिसायचा. तेवढं एकच वाचत बाळंत झाले मी.”



“ताई, एवढं नका करू,” मिस्त्री म्हणाला. “मी काय केलं? लिफ्टसुद्धा चालू झाली नाही माझ्याच्यानं. हात धरून बसलो, बस. त्या आडनावापायी काय काय ऐकलंय, माझं मला ठाऊक. आले रिकामे, गेले रिकामे.” त्यानं खिशावरचं आडनाव तळव्यानं झाकलं. “माझ्या मुलानं तर बदलूनच टाकलं. लग्नाआधी.”

“बापाचं आडनाव टाकलं?” सासूबाई ताठ झाल्या. “आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? बापालाच लाज वाटायची, तिथं पोराला काय सांगू?”

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, सुनेच्या मांडीवरून बाळ उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“घ्या. तुम्हीच हाक मारून दाखवा. कानाला कसं लागतं बघू. नाही बरं वाटलं, तर दुसरं ठेवू.”

“आई, हे काय?” सून म्हणाली.

“तू थांब.”

बाळ हातात येताच मिस्त्रीचं अंग आखडून गेलं. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्यानं घसा खाकरला आणि हजेरी देताना सांगतात तसं खड्या आवाजात आडनाव सांगितलं. बाळ दचकलं, ओठ काढून रडायच्या बेताला आलं. नणंदेनं आपल्या आईकडे पाहिलं.

त्यानं मान खाली घातली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हटलं. मग पुन्हा एकदा.

“आम्हाला ऐकू आलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “काय म्हणालात?”

“तुम्हाला नाही,” मान वर न करता तो म्हणाला. “आम्ही दोघं बोलतोय.”