निम्म्या लयीत

पहिली ओळ संपायच्या आतच मागच्या रांगांतून टाळी पडली. कौतुकाची नव्हे, घाई करणारी. मग सगळं सभागृह त्या ठेक्यात सामील झालं. ठेका प्रत्येकाच्या अंगात मुरलेलाच होता. हे गाणं लागलं की लहानथोर नाचायला उठत.

तिने मात्र ते निम्म्या लयीत धरलं होतं.

विंगेत उभा असलेला आयोजक हातानेच 'उचल, उचल' करत होता. "लयीशी खेळ करू नकोस," त्याने सकाळीच बजावलं होतं. "मोठ्या बाई स्वतः येणार आहेत. गाणं त्यांचं आहे, आणि त्याची मोडतोड त्यांना खपत नाही. मागे एकाला भर कार्यक्रमात झापून उठून गेल्या होत्या."

तिने मान डोलावली होती. पण गाणं केव्हाच तिच्या मानगुटीवर बसलं होतं. त्याची मिळतील तेवढी रूपं तिने ऐकली होती. बाईंची मूळ तबकडी, बँडवाल्यांचं, सतारीवरचं, हल्लीच्या पोरांचं धडाडधूम. सगळीच धावत सुटलेली. एकदा भांडी घासताना चाल बाजूला ठेवून ती नुसते शब्द पुटपुटली, आणि तिचा हात थांबला. दारात उभी राहून एक आई लेकाला हाका मारतेय, आणि ओ येत नाहीये. यावर नाचायचं कसं?

टाळ्या वाढल्या. तबल्यावर तिचा सख्खा मामा होता, पण त्याचेही हात टाळ्यांमागे पळू लागले. तिने वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"अगं, मार खायला लावशील मला," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. पण लय त्याने खाली आणली. तिने पुढची हाक लांबवली, अगदी श्वास संपेपर्यंत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मोठ्या बाई उठल्या.

टाळ्या जागच्या जागी विरल्या. काठी टेकत बाई रंगमंचाच्या पायऱ्या चढू लागल्या. आयोजक हात जोडत धावला. "बाई, माफ करा, मी हिला आधीच सांगितलं होतं..."

"बाजूला हो."

गाणं तिच्या ओठांवरच अडलं. पहिलाच कार्यक्रम आणि तोच शेवटचा, हे तिने मनाशी धरून टाकलं. बाईंनी तिच्या हातातून माइक घेतला.

"मीसुद्धा अस्संच म्हटलं होतं, पोरी," बाई म्हणाल्या. "तबकडीच्या एका बाजूवर मावेना, म्हणून कंपनीवाल्यांनी ते पळवत गायला लावलं मला. तेव्हापासून लोक नाचताहेत."