शिक्षण पूर्ण

करावे गावच्या नाक्यावर गोटीरामशेटनी मुलीचा मोठ्ठा बॅनर लावला. मनस्वीचा फोटो, मागे परदेशी इमारत, खाली शुभेच्छुक म्हणून झाडून सगळी भावकी. 'फॉरेन युनिव्हर्सिटीतून शिक्षण पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

मनस्वी बॅनरखाली उभी राहून म्हणाली, "बाबा, शिक्षण नाही, कोर्स पूर्ण झालाय. मोबाईलवरचा."

"तेच ता गो. आनि फुकट झाला ना? मंग बेस झाला."

"आणि माझी नेरूळच्या कॉलेजातली अ‍ॅडमिशन? उद्या शेवटची तारीख आहे."

"फॉरेनला शिकलीस, आता नेरूळला कशाला जातेस?"

"मिथुनदादाला डोनेशन भरून पाठवलंत की."

"त्याला डोका नाय, म्हनून पैसं भरावं लागलं. तुला हाय." गोटीरामशेटच्या आवाजात खरोखरचा अभिमान होता.

चार दिवसांत बॅनर वाचून बेलापूरचं एक स्थळ आलं. मनस्वी चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, "एवढा कठीन कोर्स कशाला केलास गो?"

"मला अभ्यास जमतो हे बाबांना दाखवायला. म्हणजे ते कॉलेजला पाठवतील, असं वाटलं."

सगळे खळखळून हसले. गोटीरामशेट तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पोरगी शिकलेली आहे आणि वर गमतीशीरही, म्हणून तिथल्या तिथे पसंत पडली.