आगायचा आकडा

अणूचं केंद्रक केवढं आहे हे कळायला आम्ही त्यावर प्रोटॉनचा मारा करतो आणि ते कुठल्या कोनात उडतात ते मोजतो. पण आपल्याला हवं तेच उत्तर दिसायला लागू नये म्हणून आमचे प्रयोगप्रमुख बेगाली आगाय, म्हणजे आमचे सर, सगळ्या मोजमापांत एक गुप्त आकडा मिसळून ठेवत; तो वजा केल्याशिवाय खरं उत्तर निघत नसे. हिशेब शेवटपर्यंत तपासून झाल्याशिवाय तो कुणाला सांगत नसत. कागदावरसुद्धा लिहीत नसत.

मार्चमध्ये आगायना पक्षाघाताचा झटका आला.

अकरा दिवस डोळे उघडे, पण तोंडातून शब्द नाही. अल्माटीच्या दवाखान्यात त्यांची बायको, आम्हा सगळ्यांच्या ताई, म्हणजे कुल्याश अपाय, त्यांना चमच्याने सोरपा, मटणाचं पातळ सूप, पाजत होत्या. "माझं नाव घ्या ना हो," त्या म्हणाल्या. आगाय छताकडे बघत राहिले. "बरं, मुलाचं तरी घ्या."

अपाय माझ्याकडे वळल्या. "मोल्दिर, तू विचार तो तुमचा आकडा. तीन वर्षं अडकलीत तुझी त्यात."

"आत्ता आकडा कसला विचारू, अपाय?"

"विचार गं. लाजतेस काय!"

मी वाकले. "आगाय, आकडा काय होता?"

ओठ हलले. आम्ही दोघी आणखी जवळ वाकलो.

"हिशेब... तपासून... झाला?"

"थोडा राहिलाय, आगाय."

"मग... आधी... तो कर. नीघ."

अपाय डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत हसायला लागल्या.

"माझं नाव राहू दे," त्या म्हणाल्या, "माणूस जसाच्या तसा परत आलाय!"