लारासचा बेडूक

बोगोरच्या एका संग्रहालयात संशोधकाची एकच जागा निघाली होती, आणि मुलाखतीला समोर बसले होते डॉ. हर्योनो. त्यांनी शोधलेल्या बेडकाच्या जातीला आपल्या वारलेल्या लेकीचं, लारासचं नाव दिलं होतं. ती वेगळी जातच नाही, असं वेनिंगचा प्रबंध सांगत होता.

"तिची टेकडी खाणीत गेली, तेव्हा जात संपली असं मीच जाहीर केलं," ते म्हणाले. "आता तू नावही पुसायला निघालीस. आणि वर नोकरी मलाच मागतेस?"

वेनिंगच्या घशाला कोरड पडली. "सर, डीएनए जुन्याच जातीशी जुळला. नियमाने जुनंच नाव राहणार. पण ती जात अख्ख्या जावात आहे. या खिडकीखालच्या तळ्यातसुद्धा."

बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग हर्योनो उठले आणि त्यांनी खिडकी उघडली.